आधी तक्रार, मग इफेक्ट: घरच्या ध्वनिमुद्रणाचे मिक्सिंग

घरी ध्वनिमुद्रित केलेले गाणे पहिल्यांदा ऐकले की बहुतेकांचा हिरमोड होतो. गाताना जो आवाज भरदार वाटला होता तो डब्यातून आल्यासारखा ऐकू येतो, पेटी आणि गळा एकमेकांना झाकून टाकतात, डग्गा घुमतो पण तबल्याची बोटे कळत नाहीत, आणि ओळीतला एखादा शब्द अंगावर येतो तर दुसरा हरवून जातो. अशा वेळी इंटरनेटवर शोध घेतला की महागड्या प्लग-इनच्या, म्हणजे आवाज बदलणाऱ्या जोड-सॉफ्टवेअरच्या, जाहिराती समोर येतात आणि आपल्याकडे ते नाहीत म्हणूनच आपले मुद्रण फिके पडते, असा समज होऊन बसतो. तो समज चुकीचा आहे. ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरसोबत जे इफेक्ट आपोआप मिळतात, त्यांतल्या चार-पाचांवर घरच्या गाण्याचे मिक्सिंग, म्हणजे वेगवेगळे मुद्रित केलेले आवाज एकत्र जुळवण्याचे काम, उत्तम रीतीने पार पडते; अट एवढीच की इफेक्ट उघडण्यापूर्वी आपली तक्रार नेमकी काय आहे, हे आपल्याला शब्दांत सांगता आले पाहिजे.

हे एका प्रत्यक्ष मुद्रणाच्या आधारे सांगणे बरे. गेल्या वर्षी आम्ही पुण्यातल्या आमच्या घरी, दहा बाय बारा फुटांच्या खोलीत, एक अभंग मुद्रित केला. गाणारी माझी भाची, तिची पट्टी काळी पाच, म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी हा तिचा सा. आमच्या ऑडिओ इंटरफेसला, म्हणजे माइक संगणकाशी जोडणाऱ्या यंत्राला, दोनच माइक लागत असल्याने सगळ्यांना एकत्र बसवणे शक्य नव्हते. म्हणून आधी तबला-डग्गा दोन माइकवर घेतला, मग त्यावर पेटी, मग गळा आणि शेवटी टाळ. तानपुरा मोबाइलमधल्या ॲपचा होता. सॉफ्टवेअर रीपर होते, जे साठ दिवस विनामूल्य वापरून पाहता येते आणि ज्याच्यासोबत रिआ-ईक्यू, रिआ-कॉम्प, रिआ-व्हर्बेट, रिआ-डिले, रिआ-एफआयआर असे स्वतःचे इफेक्ट मिळतात. मॅक किंवा आयफोन वापरणाऱ्यांना गॅरेजबँड आणि इतर कोणालाही ऑडॅसिटी मोफत मिळते. त्यांतले इफेक्ट दिसायला वेगळे असले तरी कामे तीच करतात, त्यामुळे पुढचे विवेचन कोणत्याही सॉफ्टवेअरला लागू पडेल. ऑडॅसिटीत पूर्वी इफेक्ट लावला की तो मुद्रणात कायमचा मुरत असे, ३.२ या आवृत्तीपासून मात्र गाणे वाजत असतानाच इफेक्ट कमीजास्त करण्याची सोय तिथेही आली आहे, आणि शिकणाऱ्याने तीच सोय वापरावी.

प्लग-इन म्हणजे मुख्य सॉफ्टवेअरच्या आत बसणारे एक छोटे सॉफ्टवेअर. एखाद्या ट्रॅकवरून जाणारा आवाज ते आकड्यांच्या रूपात घेते, त्यावर गणित करते आणि बदललेले आकडे पुढे देते. १९९६ साली स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने व्हीएसटी नावाची पद्धत आणली, तिच्यामुळे एकाने लिहिलेले प्लग-इन दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडता येऊ लागले आणि त्यांची मोठी बाजारपेठ उभी राहिली. परंतु ईक्यू किंवा कॉम्प्रेसर यांच्यामागचे गणित आज सर्वज्ञात आहे. विकतच्या आणि सोबत मिळणाऱ्या प्लग-इनमधला मोठा फरक बहुतेक वेळा रूपरंगात, सोयीत आणि जुन्या यंत्रांच्या विशिष्ट गुणदोषांची नक्कल करण्यात असतो. घरच्या मुद्रणाच्या तक्रारी त्या पातळीवरच्या नसतात.

पहिला इफेक्ट लावण्याआधी सर्व ट्रॅकचे, म्हणजे वेगवेगळ्या मुद्रित आवाजांचे, फेडर (पातळी कमीजास्त करणारे दांडे) खाली आणून एकेक वर घ्यावा, आणि केवळ पातळ्या व पॅन (आवाज डावी-उजवीकडे सरकवणे) यांच्या जोरावर गाणे जितके जमेल तितके जमवावे. आमच्या अभंगात पेटी थोडी डावीकडे आणि टाळ उजवीकडे सरकवल्यावर गळ्याभोवतीची निम्मी गर्दी तिथेच ओसरली. याच टप्प्यावर कोणताही ट्रॅक शून्य डेसिबलच्या वरच्या मर्यादेला टेकत नाही ना, हे पाहावे. डिजिटल आवाजात त्या रेषेच्या वर काही नसते. मुद्रणातच जे टोक कापले गेले ते परत मिळत नाही. २४ बिटमध्ये मुद्रण करत असाल तर सर्वांत मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या आसपास राहिला तरी काही बिघडत नाही.

इथेच एक सावधगिरी सांगून ठेवतो, कारण पुढच्या प्रत्येक इफेक्टला ती लागू आहे. आपल्या कानाला किंचित मोठा आवाज हा नेहमी अधिक चांगला वाटतो. इफेक्ट लावल्यावर आवाज दोन डेसिबलने वाढला असेल तर तो इफेक्ट चांगलाच आहे असे मन सांगणार, मग त्याने प्रत्यक्षात वाटोळे का केले असेना. म्हणून प्रत्येक इफेक्टच्या खिडकीतल्या बायपासच्या, म्हणजे इफेक्ट तात्पुरता बंद करण्याच्या, खुणेवर टिचकी मारून आधीचा आणि नंतरचा आवाज पडताळावा, आणि त्यापूर्वी दोन्हींची पातळी सारखी करून घ्यावी. ही एक सवय लागली तर अर्धे मिक्सिंग सुधारते, असे मी अनुभवाने म्हणतो.

आता ईक्यू. माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतची, म्हणजे सेकंदाला तितक्या वेळा होणारी, कंपने ऐकू येतात, आणि ईक्यू म्हणजे या पट्ट्यातला हवा तो भाग उचलणे किंवा दाबणे. जुन्या टेपरेकॉर्डरवरची बेस आणि ट्रेबलची बटणे हीदेखील ईक्यूच होती. फरक इतकाच की तिथे दोन ठिकाणे ठरलेली होती आणि इथे ठिकाण, प्रमाण आणि रुंदी तिन्ही आपल्या हातात असतात. घरच्या मुद्रणात ईक्यूचा सर्वांत उपयोगी प्रकार मला विचाराल तर हाय-पास, म्हणजे ठरावीक कंपनांच्या खालचे सारे गाळून टाकणारा फिल्टर. माइकमध्ये आपल्या नकळत किती काय शिरलेले असते: रस्त्यावरून जाणाऱ्या बसची घरघर, माइकच्या स्टँडला लागलेला पाय, पंख्याचा झोत आणि विजेची गुणगुण, जी आपल्याकडे ५० हर्ट्झवर आणि तिच्या पटीत १००, १५० हर्ट्झवर बसते.

हा फिल्टर कुठे लावावा, याचे उत्तर अंदाजाने देण्याची गरज नाही, कारण आपल्याकडे पट्टी माहीत असते. भाचीची काळी पाच, म्हणजे तिचा मध्य षड्ज सुमारे २३३ हर्ट्झ. अभंगात ती खाली मंद्र पंचमापर्यंत उतरत होती. मंद्र पंचम म्हणजे षड्जाच्या तीन चतुर्थांश, सुमारे १७५ हर्ट्झ. याचा अर्थ तिच्या गळ्यातून १७५ च्या खाली एकही स्वर निघत नाही आणि त्याखाली जे काही आहे ते तिचे नाही. आम्ही हाय-पास ११० हर्ट्झवर ठेवला. फिल्टर त्या जागी भिंतीसारखा उभा नसतो, उतारासारखा असतो, म्हणून स्वर आणि फिल्टर यांच्यात थोडे अंतर राखलेले बरे. हा एकच बदल केल्यावर आवाजातली धुळकट जाडी गेली आणि डग्ग्याला त्याची जागा मोकळी मिळाली. काळी एकमध्ये खर्जात गाणाऱ्या पुरुषाच्या गळ्याला मात्र ११० वर कात्री लावली तर आवाजाचा पायाच जाईल. डग्ग्याच्या ट्रॅकवर हा फिल्टर लावायचाच असेल तर ४० हर्ट्झच्या आसपास, त्यावर नाही.

दुसरी तक्रार होती डबकेपणाची, म्हणजे आवाज डब्यातून आल्यासारखा वाटण्याची. ती बहुधा २०० ते ५०० हर्ट्झच्या दरम्यान कुठेतरी असते, आणि ती शोधण्याची रीत सोपी आहे. ईक्यूचा एक बिंदू अरुंद करून आठ-दहा डेसिबलने वर उचलावा आणि गाणे चालू असताना त्या पट्ट्यात हळूहळू डावीउजवीकडे फिरवावा. ज्या ठिकाणी आवाज असह्य घुमू लागतो तिथे थांबावे, रुंदी थोडी वाढवावी आणि तोच बिंदू शून्याच्या खाली तीन-चार डेसिबल न्यावा. रीत सोपी असली तरी तिचा अतिरेक घातक आहे, कारण इतका उचललेला कोणताही बिंदू वाईटच ऐकू येतो. म्हणून न उचलता ऐकताना जी तक्रार कानाला जाणवत होती, तिच्यापुरताच शोध घ्यावा. आमच्याकडे ती जागा ३२० च्या जवळ निघाली. मात्र डबकेपणाचा काही भाग गेला नाही आणि जाणारही नव्हता. दहा फुटांवरच्या भिंतीवर आपटून परत येणारा आवाज सुमारे १८ मिलिसेकंदांत माइकवर पोहोचतो आणि मूळ आवाजात मिसळून जातो. तो वेगळा काढणे ईक्यूच्या आवाक्याबाहेरचे आहे. त्यावर उपाय मुद्रणाच्या वेळीच करायचा असतो: गायिकेच्या पाठीमागे दोरीवर दोन जाड गोधड्या टाकायच्या, किंवा कपड्यांनी भरलेल्या उघड्या कपाटाकडे तिची पाठ येईल असे उभे करायचे. पुढच्या वेळी आम्ही तेच केले आणि ईक्यूचे काम निम्म्यावर आले.

पेटी आणि गळा यांचे भांडण वेगळ्या स्वरूपाचे आहे. दोघेही एकच चाल, बऱ्याचदा एकाच सप्तकात, वाजवत-गात असतात, त्यामुळे पेटी गळ्याला झाकते. अशा वेळी गळ्याची धार वाढवण्याचा मोह होतो. त्यापेक्षा शब्दांची स्पष्टता जिथे असते त्या २,००० ते ३,५०० हर्ट्झच्या पट्ट्यात ईक्यूचा बिंदू रुंद ठेवून पेटीला दोन-तीन डेसिबल खाली न्यावे. पेटी एकटी ऐकली तर ती किंचित मवाळ वाटेल. सगळ्यांसोबत ऐकली की काहीच कमी झाल्यासारखे वाटत नाही आणि शब्द मात्र पुढे येतात. यासाठीच ईक्यूचे निर्णय ट्रॅक एकटा वाजवून घेऊ नयेत.

तबल्याबाबत थोडे हळुवार असावे. चामड्याच्या साध्या वाद्याचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे स्वर, एकमेकांशी सुरेल नात्यात नसतात, पण तबल्याच्या शाईमुळे, म्हणजे मधल्या काळ्या लेपामुळे, ते जवळजवळ पूर्ण पटींत येतात आणि म्हणून तबला स्वरात बोलतो, सी. व्ही. रामन यांनी १९२० सालीच याकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले होते. त्या उपस्वरांच्या मध्येच ईक्यूने खोल खड्डा पाडला की चाट वाजते पण तिच्यातला सूर पातळ होतो. तबल्याच्या ट्रॅकवर आम्ही हाय-पासखेरीज काहीही लावले नाही.

कॉम्प्रेसरकडे वळू. हा इफेक्ट सर्वांत कमी समजलेला असतो, कारण नीट लावल्यावर तो ऐकू येत नाही. मनात असे आणा की फेडरवर कोणीतरी बोट ठेवून बसले आहे आणि आवाज ठरावीक रेषेच्या वर गेला की ते फेडर थोडा खाली ओढते, आवाज शांत झाला की सोडून देते. ती रेषा म्हणजे थ्रेशोल्ड. किती ओढायचे ते प्रमाण म्हणजे रेशो. किती लवकर ओढायचे तो अटॅक आणि किती सावकाश सोडायचे तो रिलीज. थ्रेशोल्ड उणे २० डेसिबल आणि रेशो तीनास एक असेल, आणि गायिकेने उणे ८ पर्यंत जाणारी तान घेतली, तर ती रेषेच्या वर १२ डेसिबल गेली. कॉम्प्रेसर त्या बारांचे चार करतो आणि आवाज उणे १६ वर येतो. एकूण आठ डेसिबल दाबले गेले. त्यानंतर पूर्ण आवाज थोडा वर उचलला की हळू म्हटलेले शब्द पुढे येतात आणि तार सप्तकातली हाक कानठळ्या बसवत नाही.

गळ्यासाठी तीनास एक किंवा त्याहून कमी रेशो आणि मोठ्या जागांवर तीन ते सहा डेसिबलचा दाब, इतके पुष्कळ झाले. दाब दाखवणारा काटा सतत खालीच राहिला असेल तर थ्रेशोल्ड फार खाली आहे असे समजावे. रिआ-कॉम्पमध्ये आवाज आपोआप परत उचलून देणारी खूण असते. ती बंद ठेवून आउटपुट स्वतः जुळवावे, नाहीतर मघाशी सांगितलेल्या फसवणुकीत सापडणे ठरलेले आहे.

अटॅकचे महत्त्व तबल्यावर ऐकावे. आम्ही प्रयोग म्हणून तबल्यावर कॉम्प्रेसर लावला आणि अटॅक एक मिलिसेकंद ठेवला. ‘ना’ वाजताना किनारीवर बोट पडते तेव्हाचा जो टणत्कार, तो उमटण्याआधीच दाबला गेला आणि तबलजीने हातमोजे घातल्यासारखा आवाज आला. अटॅक २५ मिलिसेकंद केल्याबरोबर बोट निसटून पुढे गेले आणि त्यामागची आस तेवढी दबली. मग रिलीज फार कमी केला, तर दोन बोलांमधल्या जागेत खोलीचा आवाज धापा टाकल्यासारखा वर येऊ लागला. पंधरा मिनिटांचा हा प्रयोग प्रत्येकाने आपल्या मुद्रणावर करून पाहावा. वाचून जे समजत नाही ते त्यात समजते. शेवटी आम्ही तो कॉम्प्रेसर काढून टाकला, कारण आमच्या तबलजींचा हात मुळातच तोलाचा होता आणि तबल्याविषयी आमची काही तक्रार नव्हती.

कॉम्प्रेसर लावण्यापूर्वी आणखी एक काम हाताने करण्यासारखे आहे, आणि त्याला पर्याय नाही असे माझे मत आहे. अभंगातल्या ज्या ओळीत गायिका माइकपासून दूर गेली किंवा उत्साहात जवळ आली, त्या ओळीची पातळी हाताने कमीजास्त करावी. रीपरमध्ये ट्रॅक निवडून व्ही ही कळ दाबली की पातळीची रेघ दिसते. तिच्यावर बिंदू टाकून ती वर-खाली ओढता येते. अर्धा तास लागतो. पण कॉम्प्रेसरला शब्दांचा अर्थ कळत नाही आणि आपल्याला कळतो. ध्रुवपदातला शेवटचा शब्द थोडा उठून दिसायला हवा, हे त्याला कोण सांगणार?

मराठी गाताना दोन प्रकारचे वर्ण माइकला त्रास देतात. प, फ, ब, भ हे ओठांचे वर्ण हवेचा झोत थेट माइकवर मारतात आणि धप्प असा आवाज होतो. तो बहुतांशी हाय-पासने जातो, उरलेला त्या अक्षरापुरता आवाज कमी करून घालवावा. दुसरा त्रास स, श आणि ‘चमचा’तल्यासारख्या दंत्य च यांच्या शिट्टीचा. ती साधारण ५,००० ते ८,००० हर्ट्झमध्ये असते, आणि ईक्यूने तो पट्टा कायमचा दाबला तर सगळाच गळा निस्तेज होतो. डी-एसर हा असा कॉम्प्रेसर आहे जो फक्त त्या पट्ट्यावर आणि फक्त शिट्टी होईल तेव्हाच काम करतो. रीपरमध्ये तो वेगळा मिळतो किंवा रिआ-एक्सकॉम्पमधला वरचा एकच बँड वापरून साधता येतो. जास्त लावला तर ‘सखा’चा ‘थखा’ होतो, तेवढे सांभाळावे.

पंख्याचा किंवा फ्रिजचा सतत येणारा आवाज काढण्यासाठी ऑडॅसिटीतला नॉइज रिडक्शन किंवा रीपरमधल्या रिआ-एफआयआरची वजाबाकीची सोय वापरता येते. दोन्हींची पद्धत सारखी: कोणीच गात नसलेला एखाद-दोन सेकंदांचा तुकडा दाखवून ‘हा आवाज नको’ असे सांगायचे, मग ते त्या आवाजाचा ठसा पूर्ण ट्रॅकमधून वजा करते. त्यासाठी प्रत्येक मुद्रणाच्या सुरुवातीला दहा सेकंद शांत बसून खोली मुद्रित करून ठेवावी. मात्र जोरात लावल्यास गळा पाण्याखालून आल्यासारखा होतो, आणि तानपुऱ्यावर हा प्रयोग अजिबात करू नये, कारण तानपुऱ्याची सलग झंकार त्या इफेक्टला पंख्यासारखीच वाटते. पंखा बंद करून घाम पुसत गाणे हा उपाय अधिक चांगला.

रिव्हर्बविषयी मला मोकळेपणाने लिहायचे आहे, कारण आपल्याकडच्या घरगुती भजनांच्या मुद्रणात सर्वाधिक नुकसान त्यानेच होते. देवळाच्या सभामंडपात आवाज घुमतो, त्या घुमण्याला आपल्या मनात भक्तीचे स्थान आहे, म्हणून तो इफेक्ट सढळ हाताने ओतला जातो आणि अभंगाचे शब्द त्यात विरघळून जातात. माझ्या सुरुवातीच्या एका मुद्रणात मी गळा, पेटी, तबला, टाळ सगळ्यांवर तो वेगवेगळा लावला होता. माझ्या आत्याने ते पूर्ण ऐकले आणि शांतपणे विचारले, दुसऱ्या कडव्यात संत काय म्हणतात? ज्या अभंगाचे शब्द तिला पाठ होते, तो तिला ओळखता आला नव्हता. तो प्रश्न माझ्या मनात कायमचा राहिला आहे.

मुळात रिव्हर्ब म्हणजे जागा. पूर्वी ती खरीखुरी जागा असे: १९४७ साली शिकागोत बिल पुटनम यांनी स्टुडिओच्या स्वच्छतागृहात स्पीकर आणि माइक ठेवून तिथला घुमारा गाण्यात मिसळला. १९५७ साली जर्मनीतल्या ईएमटी या कंपनीने पोलादाचा मोठा पातळ पत्रा टांगून त्याच्या थरथरण्यातून तोच परिणाम साधणारे यंत्र काढले. पुढे हे काम गणिताने होऊ लागले. रिआ-व्हर्बेट हा गणिताने घुमारा घडवणारा इफेक्ट आहे, तर रिआ-व्हर्ब एखाद्या खऱ्या सभागृहात टिपलेल्या प्रतिध्वनीचा ठसा आपल्या आवाजावर उमटवू शकतो.

प्रत्येक ट्रॅकवर स्वतंत्र रिव्हर्ब लावला की पेटी एका खोलीत, तबला दुसऱ्या आणि गायिका तिसऱ्या खोलीत बसल्यासारखी होते. त्याऐवजी एक रिकामा ट्रॅक तयार करून त्यावर एकच रिव्हर्ब ठेवावा, त्यातला मूळ आवाज पूर्ण बंद करून फक्त घुमारा ठेवावा, आणि बाकीच्या ट्रॅकवरून सेंडने, म्हणजे आवाजाची प्रत दुसऱ्या ट्रॅककडे पाठवण्याच्या सोयीने, हवा तेवढा आवाज त्याच्याकडे पाठवावा. गळ्यातून थोडा जास्त, पेटी-तबल्यातून थोडा कमी, डग्ग्यातून जवळजवळ काहीच नाही. आता सगळे एकाच मंडपात बसले. शिवाय घुमाऱ्याच्या ट्रॅकला स्वतःचा ईक्यू लावता येतो: २५० हर्ट्झच्या खालचे आणि ६,००० च्या वरचे गाळून टाकले की चिखल आणि शिट्ट्या दोन्ही घुमायच्या थांबतात.

राहिला प्रश्न शब्दांचा. प्रत्यक्षात गायक आपल्याजवळ असेल आणि भिंती लांब असतील, तर आधी त्याचा थेट आवाज पोहोचतो आणि मग क्षणभराने घुमारा. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे २० मिलिसेकंदांत जवळपास सात मीटर. हे मधले अंतर रिव्हर्बमध्ये प्री-डिले किंवा इनिशियल डिले या नावाने ठरवता येते. ते शून्य असताना भाचीचा आवाज मंडपाच्या मागच्या भिंतीला टेकून गायल्यासारखा होता. ३० मिलिसेकंद केल्यावर ती पुढे येऊन बसली, घुमारा मागे राहिला आणि व्यंजने उघडी पडली. घुमाऱ्याची लांबी लयीवर अवलंबून ठेवावी. विलंबित गाण्याला दोन सेकंद शोभतात. आमच्या भजनी ठेक्यात मिनिटाला ९० मात्रा होत्या, म्हणजे एक मात्रा ६६७ मिलिसेकंदांची, आणि सव्वा सेकंदाच्या पुढे गेलो की एका मात्रेचा घुमारा पुढच्या दोन मात्रांवर सांडू लागे. प्रमाण ठरवताना मी असे करतो: घुमारा जेमतेम कळेपर्यंत वाढवायचा आणि मग तिथून थोडा खाली आणायचा. बंद केल्यावर गाणे उघडेबोडके वाटावे आणि चालू असताना त्याकडे लक्ष जाऊ नये. डिले, म्हणजे सुटासुटा प्रतिध्वनी, अभंगाला आम्ही लावलाच नाही. भावगीतात ओळीच्या शेवटच्या शब्दापुरता तो गोड लागतो, आणि त्याचा काळ ६०,००० ला मिनिटातल्या मात्रांनी भागून काढला की तो लयीत पडतो.

आता सूर दुरुस्त करणाऱ्या इफेक्टविषयी. रीपरमध्ये रिआ-ट्यून आहे, इतरत्र इतर नावांनी तो मिळतो. हा इफेक्ट गायलेला स्वर ओळखतो आणि जवळच्या ‘बरोबर’ स्वरावर नेऊन बसवतो. त्याचे बरोबर म्हणजे सप्तकाचे बारा समान भाग. आपला तानपुरा नीट लागला की षड्जाच्या तारेतूनच गंधार उमटतो, आणि तो षड्जाच्या सव्वापट असतो: २३३ च्या षड्जाला सुमारे २९१. बारा समान भागांचा गंधार मात्र २९४ च्या जवळ पडतो. तानपुऱ्याशी गळा मिळवून घेतलेला खरा गंधार हे यंत्र चूक समजून वर चढवते. त्याहून मोठे संकट मींड आणि आंदोलन यांचे. पंचमावरून गंधारावर घसरत येताना मधला सगळा प्रवास हेच सौंदर्य असते. यंत्र त्या प्रवासाच्या पायऱ्या करते. माझा सल्ला स्पष्ट आहे: भारतीय संगीतात हा इफेक्ट आपोआप चालणाऱ्या पद्धतीने कधीही लावू नये. बेसूर लागलेली ओळ पुन्हा गाऊन घ्यावी, घरच्या मुद्रणाचा तर तोच मोठा फायदा आहे, तिथे तासाचे भाडे चालू नसते. त्या खिडकीतला ट्यूनर मात्र तानपुरा आणि पेटी एकमेकांशी जुळली आहेत का, हे पाहायला जरूर वापरावा. आमच्या पेटीची पट्टी ॲपच्या तानपुऱ्यापेक्षा किंचित चढी निघाली आणि आम्ही मुद्रणाआधीच ॲपचा तानपुरा तेवढा चढवून घेतला.

सगळे जुळल्यावर मास्टर ट्रॅकवर, म्हणजे सगळे आवाज जिथे एकत्र येतात तिथे, शेवटी एक लिमिटर ठेवावा, जो आवाजाला ठरवलेल्या छताच्या वर जाऊ देत नाही. छत उणे एक डेसिबलवर ठेवावे, कारण एमपी३सारख्या आकसलेल्या फाइलमध्ये रूपांतर होताना टोके थोडी वर उसळतात. लिमिटरने गाणे कितीही जोरदार करता येते, पण त्याचा उपयोग नाही: स्पॉटिफाय आधीपासून ठरलेल्या सेटिंगमध्ये सर्व गाणी उणे १४ लफ्स (कानाला जाणवणाऱ्या आवाजाच्या मोठेपणाचे माप) या सरासरी पातळीला आणून वाजवते, त्यामुळे दाबून दाबून उणे ८ वर नेलेले गाणे तिथे खाली ओढले जाते आणि हाती उरतो तो फक्त चेपलेपणा. आमच्या अभंगात लिमिटर सबंध गाण्यात पाच-सहा ठिकाणी, टाळ आणि डग्गा एकत्र पडले तिथे, दोन डेसिबलपर्यंत हलला.

त्यानंतर रात्री काहीही ठरवले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ताज्या कानांनी, अगदी हळू आवाजात, आधी हेडफोनवर आणि मग स्वयंपाकघरातल्या मोबाइलवर ऐकले. हळू आवाजात खालचे आणि अगदी वरचे स्वर कानाला कमी जाणवतात, म्हणून मधल्या पट्ट्यातली, म्हणजे शब्दांची, खरी परीक्षा तिथे होते. मोबाइलवर डग्गा जवळजवळ नाहीसा झाला होता, कारण एवढ्याशा स्पीकरला ते खालचे स्वर काढताच येत नाहीत. म्हणून डग्ग्याच्या २५० हर्ट्झच्या पट्ट्यात दोन डेसिबल वाढवले, जेणेकरून त्याचे उपस्वर तरी ऐकू यावेत. टाळ पहिल्या कडव्यात दीड डेसिबल कमी केले. मग आत्याला फोन करून अभंग पाठवला. तासाभराने तिचा फोन आला; तिला दुसऱ्या कडव्यातल्या एका शब्दाच्या पाठभेदाविषयी बोलायचे होते.